एक झटका म्हणजे थांब

खडकदरीत मोटारीच्या झडपेला फुटबॉल म्हणतात. पाइपाचं जे टोक पाण्यात सोडलेलं असतं, तिथली ती जाळीची झडप. असं का म्हणतात ते विचारू नये, म्हणतात. ‘फुटबॉल बसला’ असं कानावर आलं की गावाला कळतं, आता टाकी कोरडी, आता बायांनी घागरी घेऊन रान धुंडायचं. त्या उन्हाळ्यात तो बसला आणि सरपंच व्यंकटरावांनी सकाळीच धनगरवस्तीवर माणूस धाडला, सटवाजी आणि येडबाला बोलवायला.

हे दोघं सख्खे भाऊ. मेंढरं होती नावापुरती. पोट चालायचं ते विहिरींवर. जिंतूरच्या त्या भागात कुणाची बादली पडली, कुणाच्या गळ्यातली पोत सुटली, कुणाचा पाइप अडकला की ह्यांना बोलावणं यायचं. धाकटा येडबा पाण्यात उतरायचा, थोरला सटवाजी वर दोर धरायचा. येडबाच्या छातीत दम असा, की काठावरच्यांनी चिलीम भरावी, पेटवावी, सगळ्यांत फिरवावी, तेव्हा कुठं त्याचं डोकं वर यायचं. वर आलं की तोंड सुरू. ‘आलो, आलो’ असं दोनदा म्हणायचं आणि यायचं नाही, ही त्याची ख्याती. त्यांची आई म्हाळसाबाई जेवायला हाका मारून मारून घसा बसवून घ्यायची.

सटवाजीचा स्वभाव उलटा. बोलणं कमी, डोकं थंड. देवाला नमस्कार करायचा, पण वहाणा काढायचा कंटाळा आला तर तेवढाही नाही. भूत बघितलेला माणूस त्याला अजून भेटला नव्हता. भूत बघितलेल्याला ओळखणारे मात्र गावोगाव होते, असं तो म्हणायचा.

तरी बापानं घालून दिलेल्या दोन गोष्टी तो पाळायचा. एक, दोराची भाषा. खालून एक झटका म्हणजे बरं आहे. खालून दोन म्हणजे ओढ. वरून एक झटका म्हणजे थांब, आणि त्यावर खालून एक आला म्हणजे थांबलोय. ही गोष्ट शहाणपणाची होती. दुसरी मात्र अडाणीपणाची, असं त्याचं मत. पाण्यात माणूस असताना त्याचं नाव घ्यायचं नाही. म्हणायचं असेल तर ‘गडी’ म्हणायचं. बाप सांगायचा, नाव एकाचं असतंय, पर ऐकनारे किती असतील त्याचा काय नेम. सटवाजीला हे पटायचं नाही, पण बापाचा शब्द मोडून फायदा तरी काय, म्हणून पाळायचा.

निघताना म्हाळसाबाई दारात उभी होती. आत भिवराबाई, येडबाची बायको, भाकरी थापत होती; तिचे दिवस भरत आले होते.

“सटवा,” म्हातारी म्हणाली, “आता त्यो एकटा न्हाई. लेकराचा बाप व्हायलाय. संध्याकाळी माझ्या हवाली कर.”

“अगं बारवंवरच तर जायलोय, माय. हितून दिसती की.”

दिसतच होती. वस्ती आणि गाव यांच्या मधोमध ती काळ्या दगडाची बारव. चारी बाजूंनी पायऱ्या, पायऱ्यांच्या बाजूला रिकाम्या देवळ्या, आणि तळाजवळ शेंदूर फासलेले, पाण्यातल्या साती आसरांचे दगड. मराठवाड्यात अशी एक बारव दाखवा, जिच्यातनं भुयार निघून कुठल्या तरी देवळात जात नाही. खडकदरीचं म्हणे पोखर्णीच्या नरसिंहाला निघायचं. मध्ये परभणी आली, दुधना आली, पण भुयाराला त्याचं काय.

भुयार म्हणून काहीतरी होतं, हे त्या उन्हाळ्यातच कळलं. कुणाच्या आठवणीत पाणी इतकं खाली गेलं नव्हतं. शेवटच्या पायरीच्या खाली, गढूळ डबक्याच्या अंगाला एक चौकोनी तोंड उघडं पडलं. वाकून माणूस जाईल एवढं. आत पाणी भरलेलं आणि थंड. ग्रामपंचायतीनं डोकं चालवून पाइप त्या तोंडातच ढकलला होता, आणि महिनाभर गाव तेच पाणी पीत होतं.

येडबानं कमरेला दोर बांधला. अंबाडीचा, दोघांनी मिळून वळलेला. त्याची गाठ डावखुरी असायची, कारण तो डावखुरा. दोराचं दुसरं टोक सटवाजीनं पायरीच्या दगडी कडीतून ओवून हातात घेतलं. बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून सायकलच्या ट्यूबची रबरं ताणली.

“लाइट जायच्या आत काढा, बाप्पा,” वरून व्यंकटराव म्हणाले.

“लाइटीला काय, ती जायलाच आलेली असती,” येडबा म्हणाला, आणि आत गेला.

दोर सरकत राहिला. थांबला. काठावर चिलीम फिरली. मग पाणी हललं आणि येडबा बाहेर आला, हातात झडपेत अडकलेला गाळ, काळा, केसाळ. त्याचे डोळे मोठे झाले होते.

“दादा, आत पाणी संपतंय. भुयार खाली जातंय अन् मंग वर चढतंय. वर खोली हाय. डोकं काढून श्वास घेता येतोय.”

“कसली खोली?”

“दगडाची. लय मोठी असंल, बॅटरी पुरंना.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आत आपलाच आवाज घुमतोय. पर जरा उशिरानं.”

“मग बोलूच नको आत. झडप साफ कर अन् ये.”

“आलो, आलो,” येडबा हसला, आणि पुन्हा गेला.

खालून एक झटका आला. बरं आहे. थोड्या वेळानं पाइप खडखडला, वर कुणीतरी मोटार लावून बघितली आणि पाणी धो धो टाकीत पडायला लागलं. बाया हसल्या, पोरं पळाली. सटवाजीच्या हातात दोर ढिला पडला.

त्यानं वरून एक झटका दिला. थांबलोय असं उत्तर यायला पाहिजे होतं. आलं नाही. पुन्हा दिला. दोर पाण्यातल्या गवतासारखा हलला आणि राहिला. काठावर चिलीम विझली. कुणी पुन्हा भरली नाही.

व्यंकटराव स्वतः पायऱ्या उतरून आले. “सटवाजी, तू जाऊ नको. एकाचे दोन व्हायचे. जिंतूरहून मानसं बोलवू. विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे निघालेत, एस्ट्या बंद हाएत, पर फटफटीवर गडी धाडतो.”

“फटफटी येईपर्यंत आतनं काय बाहेर आनायचं, सरपंच?” सटवाजी म्हणाला. त्यानं दोराचं टोक कडीला पक्कं बांधलं. दुसरी बॅटरी पिशवीत घातली आणि दोर धरून आत शिरला.

तो वर दोर धरणारा माणूस. पोहायचा, पण येडबाचा दम त्याच्यात नव्हता. तोंडातून आत गेल्यावर उजेड मागे राहिला, मग उजेडच राहिला नाही. बॅटरीपुढं नुसता पिवळा गाळ. एका हातात दोर, दुसऱ्या हातानं वरचा दगड चाचपत तो सरकत होता. भुयार खाली वळलं. खांदे दोन्हीकडून घासले. एका जागी तर छाती अडकली. पुढं जाईना, मागं येईना. दारातली म्हाळसाबाई आठवली. त्यानं होता नव्हता तेवढा श्वास सोडून दिला, छाती लहान केली आणि पाय मारले. कानात ठणका बसला. छातीत आग पडली. आता तोंड उघडणार, एवढ्यात डोकं पाण्याबाहेर आलं.

हवा होती. जुनी, ओल्या घोंगडीच्या वासाची हवा. तो ती अधाशासारखी ओढत राहिला.

मग त्यानं बॅटरी फिरवली. डाव्या अंगाला दगडाचा कट्टा होता. दोर त्या कट्ट्यावर चढला होता, आणि दोराच्या टोकाला येडबाच्या कमरेचा वेढा होता. तुटलेला नाही. सुटलेला नाही. डावखुरी गाठ जशीच्या तशी, आवळलेली, ओली. वेढा एका माणसाच्या कमरेएवढा आणि आत माणूस नाही.

वेढा कमरेवरून खाली सरकवायचा तर गाठ सोडायला लागते. ही गाठ तशीच बांधतात.

सटवाजीनं भिंत बघितली. दुसरी भिंत बघितली. तिसऱ्या बाजूला उजेड कशालाच लागला नाही. पाण्यावर एक तरंग नव्हता. तो थांबला. बोलायचं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. पण बॅटरी तांबडी पडायला लागली होती आणि वर आई उभी असणार होती. खरं सांगायचं तर त्या घडीला बाप आणि बापाचे नेमधर्म त्याच्या डोक्यातून पार निघून गेले.

“येडबा,” त्यानं हाक मारली.

आवाज अंधारात गेला. बराच वेळ गेलेलाच राहिला. मग लांबून परत आला, येडबा. मग त्याहून लांबून पुन्हा. आणि मग अगदी मागून, कानाच्या जवळून, कुणीतरी म्हणालं,

“आलो.”

त्यानं बॅटरी वळवली. येडबा हनुवटीएवढ्या पाण्यात उभा होता, आत्ताच ज्या भिंतीला उजेड लागला होता त्या भिंतीला टेकून. डोळे उघडे. श्वास लागलेला नाही.

“कुठं व्हतास रं? चल. चल आधी.”

सटवाजीनं त्याचा हात धरला. हात पाण्यापेक्षा गार होता. दोघं खाली बुडाले. जाताना आधार म्हणून सटवाजीनं दोर चाचपला. येताना तो ढिला होता. आता तो ताठ होता, मागून कुणी धरून ठेवावा तसा. सटवाजीला त्या वेळी एवढंच वाटलं, की बरं झालं, धरायला सोपा.

बाहेर आले तेव्हा काठावर रडारड झाली. म्हाळसाबाईनं पायऱ्यांवरच लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. व्यंकटरावांनी नारळ फोडला. दोर आत राहिला तो राहिलाच. कोण जातंय आता आणायला.

येडबाला काही झालं नव्हतं. खरचटलंसुद्धा नव्हतं. जिंतूरच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, दम लागलाय, विश्रांती द्या म्हणाला. बोलत मात्र नव्हता. भेदरलाय, होईल, असं सगळे म्हणाले. सटवाजीही म्हणाला.

तो छपराच्या सावलीत बसून राहायचा. मेंढरांकडं बघायचा नाही, भांडायचा नाही, तंबाखू मागायचा नाही. पण म्हाळसाबाईनं “येडबा” अशी हाक मारली की “आलो” म्हणून उठायचा. एकदाच म्हणायचा आणि लगेच यायचा. म्हातारी हरखली. पोरगं पाण्यातून निघालं ते सुधारूनच निघालं, म्हणाली. जेवायला येडबा, झोपायला येडबा, दिवसभर तिचा तोच जप. हाक मारली की तो जेवायचा. हाक मारली की निजायचा.

सटवाजीला ह्यात वावगं काही दिसलं नाही. म्हणजे, दिसू नये म्हणून तो तिकडं बघत नव्हता.

भिवराबाई त्याच्याशी कधी बोलत नसे. थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. पदर घ्यायचा, वाट सोडायची. त्यामुळं एके सकाळी ती मेंढरांच्या वाड्याजवळ येऊन उभी राहिली तेव्हा सटवाजीनं आधी मागं वळून बघितलं, आणखी कुणी आहे का म्हणून.

“दादा, एक इचारू?”

“इचार की.”

“मी ताट वाढलं तर ते जेवत न्हाईत. ताटाकडं बघत बसत्यात. मामींनी हाक मारली की मंग जेवत्यात.” ती जमिनीकडं बघत होती. “मी त्यांचं नाव कसं घेऊ?”

“मग मायला सांगत जा.”

“ते झालं दिवसाचं.” तिनं पदर दातांत धरला, सोडला. “रातच्याला मी जागी असते. पोट घेऊन झोप येत न्हाई. दादा, ते झोपंत श्वास घेत न्हाईत. मी हात लावून बघितलं. पहाटं मामी हाक मारत्यात, मंग छाती हालती.”

एक मेंढी ओरडत होती.

“तुमी आत नावानं हाक मारली व्हती का?”

“न्हाई,” सटवाजी म्हणाला.

त्याचं खोटं तिला कळलं असावं. मग पोटावर हात ठेवून हळूहळू घराकडं गेली, आणि दारात बसलेल्या नवऱ्याला वळसा घालून आत शिरली.

दुपारी सटवाजी बारवेवर गेला. दोर आणायला जातो असं त्यानं आईला सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. चांगला अंबाडीचा दोर, कुजून जायचा. ऊन असं होतं, की पायरीला पाय ठेववेना. गावातलं कुत्रंही बाहेर नव्हतं. मोटार बंद होती, लाइट गेलेली.

दोर कडीला होता तसा होता. तिथून पाण्यात, पाण्यातून त्या चौकोनी तोंडात. सटवाजीनं तो हातात घेतला. ओला, गार. हलकेच ओढला.

आला नाही. कुठंतरी दगडाला अडकला असणार, असं त्यानं ठरवलं. ह्या हातातून त्या हातात घेऊन पुन्हा ओढला. दोर ताणला गेला, आणि ताणल्यावर त्यात जडपणा आला. दगडाचा जडपणा वेगळा असतो. हा जडपणा जरा झुलत होता. आयुष्यभर त्यानं हेच ओझं धरलं होतं. डोळे झाकून त्यानं ते ओळखलं असतं.

तो खाली बसला.

वस्तीवरून म्हाळसाबाईची हाक आली. लांबवलेली, रोजच्यासारखी.

“येडबाऽऽ, जेवायला ये रंऽऽ”

सटवाजीच्या हातात दोर उडाला.

दोन झटके. एक, आणि लगेच दुसरा.

ओढ.

तिकडं छपराखालून आवाज आला, “आलो.” एकदाच. सटवाजीनं मान वर करून बघितलं. उन्हात लांबवर येडबा उठून घरात चालला होता. भिवराबाई दाराच्या बाजूला सरकली.

दोर पुन्हा हलला. दोन झटके. ह्या खेपेला घाईचे.

सटवाजीनं पाय पायरीला रोवले. हात आपसूक ओढायच्या ढंगात वळले. संध्याकाळी माझ्या हवाली कर, असं आई म्हणाली होती, आणि ज्याला हवाली करायचं तो दोराच्या त्या टोकाला होता. त्याला ते पुरतं कळलं होतं. पण वर ओढायचा आणि घरी न्यायचा कुठं? त्या दुसऱ्याच्या शेजारी? आईनं हाक मारली तर दोघांतलं कोण उठेल? आणि खाली कितीजण ऐकत असतील, त्यातला हाच आपला कशावरून? बाप असता तर विचारलं असतं.

त्यानं ओढलं नाही. सोडताही येईना. त्याला रडू फुटलं. भर दुपारी, एकट्यानं, धनगराचा बाप्या रडत बसला.

मग त्यानं एकच झटका दिला.

थांब.

खाली कितीतरी वेळ काही झालं नाही. पाण्यावर एक माशी फिरत होती.

मग एक झटका आला. लहानपणापासून ज्या भरवशानं यायचा, तसाच.

थांबलोय.

मृगात पाऊस झाला तो धोधो झाला. बारव वरच्या देवळ्यांपर्यंत भरली, भुयाराचं तोंड पाण्याखाली गेलं. भिवराबाईला मुलगा झाला. बारशाला ती बापाच्या मांडीवर पोर द्यायला तयार होईना. म्हातारीनं हट्टानं दिलं. पोर आधी रडलं, मग गप झालं.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. नामांतर झालं, गावात नळ आले, बारवेचं पाणी कुणी पीत नाही. अंबाडीचा दोर पाण्यात एक हंगाम टिकत नाही. तो दोर अजून कडीला आहे. व्यंकटरावांनी एकदा सहज विचारलं, तर सटवाजी म्हणाला, राहू द्या, आमचा हाय.

जेवणं झाली, म्हातारीची हाक होऊन गेली, की तो बारवेवर जातो. हात धुतो. दोर धरून एक झटका देतो आणि बसून राहतो.

खालून एक येतो. पूर्वीचा जोर त्यात नाही, पण येतो.